ताईचं म्हणणं खरं मानलंत, मॅडम

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

ताई ऑपरेशननंतर सुखरूप घरी आली. टाके कोरडे आहेत. इतकं साधं वाक्य, पण तिच्या बाबतीत ते म्हणायची वेळ आमच्यावर आजवर आलीच नव्हती. शाळेत असताना दाढ काढली, तर रात्रभर तोंडातून रक्त येत राहिलं. बाळंतपणात तर ती हातची जाता जाता वाचली. मूल सुखरूप, आणि ही पांढरीफटक, एकामागून एक रक्ताच्या पिशव्या चढताहेत, असं ते चित्र होतं. त्यामुळे यावेळी ऑपरेशनचं नाव निघाल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही कमी उंबरे झिजवले नव्हते. प्रत्येक ठिकाणी तेच. रक्तपेशी मोजणारी सीबीसी करा, रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या बीटी-सीटी आणि पीटी करा. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवायला मदत करणाऱ्या पेशी, दीड ते साडेचार लाखांच्या मधे असल्या की फाईल बंद. एका डॉक्टरांनी तर रिपोर्ट टेबलावरून परत सरकवत, भाओजींच्या देखत तिला सांगितलं, "रक्त सगळ्यांनाच येतं हो. मन जरा दुसरीकडे रमवा." तो राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जावा असंही वाटत नाही. कारण त्या दिवसापासून ताईने सांगायचंच सोडलं. अंगावरून जास्त गेलं तरी गप्प. ज्या माणसाला रक्तस्रावाचा धोका आहे तोच गप्प बसला, तर काय होऊ शकतं याचा विचार त्या टेबलामागच्या माणसाने करायला हवा होता.

तुम्ही मात्र फाईल पहिल्या पानापासून वाचलीत. मग ताईला बोलू दिलंत, मधे एकदाही तोडलं नाहीत. आणि एकही नवी तपासणी लिहून देण्याआधी केस पेपरवर सुवाच्य अक्षरात लिहिलंत : "रुग्णाची हकीकत विश्वासार्ह आहे. नेहमीच्या तपासण्या नॉर्मल असल्या तरी रक्तस्रावाचा विकार आहे असे धरून शोध घ्यावा." लिहून झाल्यावर कागद ताईकडे फिरवलात आणि विचारलंत, "बरोबर लिहिलंय ना मी?"

मॅडम, निदान, उपचार, ऑपरेशन, सगळ्याबद्दल ऋणी आहोत. पण हे पत्र त्या फिरवलेल्या कागदासाठी आहे. ताईने तो वाचला, मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. वर्षानुवर्षं जिचं म्हणणं कुणी टिपून घेतलं नाही, तिला तुम्ही स्वतःचं लिहिलेलं तपासायला दिलंत.

त्या शोधातून निघालं ते स्कॉट सिंड्रोम. तुम्ही समजावलंत तेव्हापासून मी त्यावर मिळेल ते वाचतोय आणि दर वेळी थक्क होतोय. ताईच्या प्लेटलेट संख्येने पुरेशा, आकाराने ठीक, जखमेवर चिकटतात, एकमेकींना धरतातही. म्हणून तर नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नव्हतं. खोट आहे ती पेशीच्या पटलातल्या एका प्रथिनात, टीएमईएम१६एफ मध्ये. शांत प्लेटलेटच्या आत कॅल्शियम अगदी नगण्य असतं, बाहेर त्याच्या सुमारे 10,000 पट. जखम झाली की ऑराय-१ नावाची वाहिनी उघडते आणि कॅल्शियम आत घुसतं. ताईच्यात इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे त्या कॅल्शियमने टीएमईएम१६एफ उघडायला हवं, आणि पटलाच्या आतल्या अंगाला राखून ठेवलेलं फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं स्निग्ध द्रव्य बाहेरच्या अंगाला यायला हवं. रक्त गोठवणारे घटक त्याच्यावरच बसून थ्रोम्बिन, म्हणजे रक्ताची गुठळी पक्की करणारं द्रव्य, तयार करतात. ताईच्यात ते बाहेर येतच नाही. कारागीर आले, सामान आलं, पण काम मांडायला ओटाच नाही, अशी गत. म्हणून थ्रोम्बिन पुरेसं बनत नाही आणि जखम वाहत राहते.

या आजाराला नाव मिळालं ते एका रुग्ण बाईंचं. 1979 मध्ये त्यांच्या विकाराची नोंद शास्त्रीय नियतकालिकात झाली. हे प्रथिन नेमकं कोणतं, ते मात्र 2010 मध्ये उलगडलं, जपानमध्ये शिगेकाझु नागाता यांच्या प्रयोगशाळेत. मधल्या 31 वर्षांत कारण हाती नव्हतं, तरी त्या बाईंचा रक्तस्राव कुणीतरी खरा मानून लिहून ठेवला होता. ती नोंद नसती तर पुढचा शोध कशाचा घेतला असता? मला यात तुमचा केस पेपर दिसतो.

आणखी एक. आई स्वतःला दोष देत होती. तुम्ही तिला बाहेरच्या बाकावर, तिच्या शेजारी बसून सांगितलंत की आईबाबांकडे जनुकाची एकेक सदोष प्रत असली तरी दुसरी चांगली असते, म्हणून त्यांना त्रास होत नाही. दोन्ही सदोष प्रती एकाच मुलात येणं कुणाच्या हातात नसतं. आई त्या रात्री कितीतरी दिवसांनी नीट झोपली. चांगुलपणाला फार वेळ लागत नाही असं मला वाटू लागलंय. ज्यांनी आम्हाला वाटेला लावलं त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा रुग्ण काही जास्त नव्हते.

ज्यांच्या प्लेटलेट ऑपरेशनआधी ताईला चढवल्या, त्या अनोळखी दात्यांनाही नमस्कार. प्लेटलेटची पिशवी साधारण पाचच दिवस टिकते, म्हणजे ऑपरेशनच्या त्या आठवड्यातच कुणीतरी दान केलं असणार. त्यांच्या प्लेटलेटमधलं टीएमईएम१६एफ ताईसाठी उघडलं.

हे पत्र उघड लिहिण्याचं कारण असं की कुणाच्या घरी हीच कथा चालू असेल : दाढ, बाळंतपण, ऑपरेशन, दर वेळी रक्त थांबत नाही, आणि रिपोर्ट सगळे चांगले. अशांनी रक्तविकारतज्ज्ञांना जरूर विचारावं की प्लेटलेट उद्दीपित झाल्यावर फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतं का, ते तपासता येईल का. आजार अतिशय दुर्मिळ आहे, बहुतेकांना तो नसेलच. पण प्रश्न विचारायला हरकत नाही.

ताईची लेक विचारतेय, पुढच्या तपासणीला तीही आली तर चालेल का. तिच्याकडे एकच सदोष प्रत असल्याने काळजी नाही, हे तुम्ही सांगितलंच आहे. तिला फक्त तुम्हाला भेटायचंय.

आपला कृतज्ञ,
ताईचा धाकटा भाऊ