दुर्रीला दहापैकी किती गुण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत बैठ्या खेळांविषयी जे सदर येते, त्याची मी नियमित वाचक आहे. गणेश चतुर्थीच्या आधीच्या रविवारी त्यात सहकारी पत्त्यांच्या खेळांवर, म्हणजे ज्यांत खेळणारे सगळे एकाच बाजूला असतात आणि जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे, अशा खेळांवर लेख होता आणि सोबत प्रत्येक पत्त्याला दहापैकी गुण देणारा तक्ता होता. ‘हानाबी’ या खेळातील पाचच्या पत्त्याला त्यात नऊ आणि दोनच्या पत्त्याला चार गुण होते. आमच्या घरी तो तक्ता कापून पत्त्यांच्या डब्यात ठेवला गेला आणि गणपतीच्या सात दिवसांत त्याच्या आधारे बरेच डाव झाले. त्यानंतर माझे असे मत झाले आहे की, असे गुण देण्याची रीतच या जातीच्या खेळांना लागू पडत नाही. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे, त्यामुळे गुण देण्याच्या कामातले खाचखळगे थोडेफार परिचयाचे आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा हा खेळ २०१० साली आला आणि २०१३ मध्ये त्याला ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतील मानाचा पुरस्कार मिळाला. हानाबी म्हणजे जपानी भाषेत आतषबाजी. पाच रंग आणि ५० पत्ते. प्रत्येक रंगात एकचे तीन, दोन, तीन आणि चारचे प्रत्येकी दोन, आणि पाचचा एकच. प्रत्येक रंग एकपासून पाचपर्यंत क्रमाने लावत न्यायचा, म्हणजे बांधणी आपल्या बदामसातच्या जवळची. पण बदामसातमध्ये पत्ता अडवून समोरच्याला तंगवण्यात कसब असते, तर येथे अडवायला समोर कोणी नसतेच. शिवाय पत्ते उलटे धरायचे, त्यामुळे आपले पान आपल्याला सोडून सगळ्यांना दिसते. आपल्या पाळीला एक तर भिडूला रंगाची किंवा आकड्याची सूचना द्यायची, किंवा पत्ता लावायचा, किंवा टाकायचा. सूचनांची नाणी आठ; प्रत्येक सूचनेला एक खर्ची पडते आणि पत्ता टाकला की एक परत मिळते. चुकीचा पत्ता लावण्याची तिसरी वेळ आली की खेळ खलास.

आता आमच्या पडवीतला एक डाव सांगते. गौरी गेल्या त्या रात्री पाऊस कोसळत होता, वीज नेहमीप्रमाणे गेलेली होती आणि चार्जिंगच्या दिव्याच्या उजेडात हिरवा कोणता आणि निळा कोणता यावरच निम्मा वेळ वाद चालला होता. खेळायला मी, माझे थोरले दीर, सून आणि सुट्टीला ठाण्याहून आलेली अकरा वर्षांची नात. निळा एक्का लागलेला होता. निळ्या दोनपैकी एक दुर्री सुरुवातीलाच टाकली गेली होती, आणि उरलेली एकुलती एक निळी दुर्री दिरांच्या हातात सर्वांत जुन्या जागी, म्हणजे आमच्या ठरावाप्रमाणे टाकायच्या जागी, येऊन पोहोचली होती. तिकडे सुनेच्या हातात तशाच टाकायच्या जागी निळी पंजी होती. नाणे उरले होते एक आणि पाळी होती नातीची. तिने डब्यातला तक्ता पाहिला, नऊ गुणांची पंजी वाचवायला हवी असे ठरवले आणि सुनेला “पाच” अशी सूचना देऊन शेवटचे नाणे खर्च केले. पुढची पाळी दिरांची; जवळ काहीही माहिती नाही, सूचना द्यायला नाणे नाही, म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे जुना पत्ता टाकला. निळा रंग एक्क्यावर कायमचा अडकला, आणि जी पंजी एवढी जपली होती ती आता लावायला जागाच नसलेला कागदाचा तुकडा झाली.

हिशोब मांडला तर चूक स्वच्छ दिसते. खेळात लागलेल्या प्रत्येक पत्त्याचा एक गुण, म्हणजे एकूण गुण २५. एखाद्या रंगाची पंजी गेली तर एकच गुण जातो आणि कमाल २४ राहते. त्याच रंगाचे चारचे दोन्ही पत्ते गेले तर दोन गुण, तिर्र्या दोन्ही गेल्या तर तीन, आणि दुर्र्या दोन्ही गेल्या तर चार गुण जाऊन कमाल २१ वर येते. पंजी लावल्यावर एक नाणे परत मिळते, हा तिचा अधिकचा फायदा मी मान्य करते. तरीही एक दुर्री टाकली गेल्याच्या क्षणापासून दुसरी दुर्री पंजीच्या कितीतरी वर चढते, आणि ती टाकली जाण्यापूर्वी मात्र दोघींपैकी कोणतीही एक निर्धास्तपणे सोडता येते. म्हणजे चार गुण चुकीचे आणि नऊ गुण बरोबर असे नाही, तर त्याच पत्त्याची किंमत एका फेरीत दोनावरून दहावर जाऊ शकते, आणि तक्त्याला ते दाखवायला जागा नाही. “मेंढीकोटात दुर्रीक कोण इचारता?” असे दीर मागाहून म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नाही, कारण मेंढीकोटात दश्शी ही मेंढी म्हणून पहिल्या उतारीपासून शेवटच्या हातापर्यंत मेंढीच असते आणि दुर्री हुकमाची नसेल तर तिला कोणी हिंग लावून विचारत नाही. आपल्या मराठीत ‘दुर्र्या-तिर्र्या’ हा शब्द क्षुल्लक माणसांसाठी रूढ झाला तो त्याच खेळांतून.

याच्या उलट टोकाचे उदाहरण एक्क्यांचे आहे. एखाद्या रंगाचा एक्का लागला की त्याच रंगाचे बाकीचे दोन एक्के मेले. ते पुन्हा कधीही लागणार नाहीत. तक्त्याच्या हिशोबाने अशा पत्त्याला शून्य द्यावे लागेल. पण प्रत्यक्षात ज्याच्या हातात असा मेलेला पत्ता आहे आणि तो मेलेला आहे हे ज्याला कळलेले आहे, तो खेळाडू टेबलावर सर्वांत निश्चिंत असतो, कारण तो पत्ता डोळे मिटून टाकता येतो आणि टाकल्याबरोबर नाणे परत येते. माझ्या सुनेने एका डावात असे दोन एक्के दोन फेऱ्या राखून ठेवले आणि नाणी संपताच एकेक सोडून आम्हाला तारले. त्या डावाचा शिल्पकार मी त्या मेलेल्या एक्क्यांनाच म्हणेन.

अर्थात टाकण्यालाही मर्यादा आहे. चौघे खेळत असतील तर १६ पत्ते वाटून गठ्ठ्यात ३४ उरतात. शेवटचा पत्ता उचलल्यावर प्रत्येकाला एकेक पाळी मिळते. म्हणजे लावणे आणि टाकणे मिळून जास्तीत जास्त ३८ वेळा होते, आणि त्यांतले २५ लावण्यासाठी हवे असतील तर टाकायला, चुकून लावलेले धरून, अवघे १३ उरतात. सुरुवातीला सढळ हाताने टाकणाऱ्यांना हे फार उशिरा कळते.

सदरलेखकांनी गुण कसे काढले हे लेखात प्रामाणिकपणे सांगितले आहे, आणि तेथेच मूळ दोष आहे. ज्या डावांत तो पत्ता लागला किंवा वापरला गेला, त्यांपैकी किती डाव चांगले झाले हे त्यांनी मोजले. पण पंजी तेव्हाच लागते जेव्हा त्या रंगाचे आधीचे चार पत्ते खाली लागून झालेले असतात, म्हणजे डाव आधीच बरा चाललेला असतो. पंजीमुळे डाव चांगला झाला, की डाव चांगला झाल्यामुळे पंजी लागली, हे त्या मोजणीतून ठरत नाही. अडचणीच्या वेळी काढायच्या पत्त्यांचे नेमके उलटे होते. मॅट लीकॉक यांच्या २००८ सालच्या ‘पँडेमिक’ या खेळात साथीचा प्रसार एका पाळीपुरता थांबवणारा एक खास पत्ता आहे. माणसे तो गळ्याशी आल्यावरच काढतात, आणि गळ्याशी आलेले डाव बहुधा हातचे जातात. तक्त्यात तो पत्ता तळाला जाऊन बसला आहे. तीन नंबरचा बावटा लागतो त्या दिवशी होड्यांचे नुकसान अधिक होते, म्हणून देवगडच्या बंदरावरचा बावटाच अपशकुनी ठरवावा, तशातला हा प्रकार आहे.

‘पँडेमिक’चाच दुसरा पत्ता घ्या. जगातील ४८ शहरांच्या पत्त्यांत आपली मुंबई आहे आणि ती काळ्या रंगाच्या बारा शहरांत मोडते. एका रोगावर औषध शोधायला एकाच खेळाडूच्या हातात त्या रंगाचे पाच पत्ते लागतात, शास्त्रज्ञाची भूमिका असेल तर चार. ज्याच्याकडे काळे चार जमले आहेत त्याच्या हातात मुंबई आली तर ती डावाची किल्ली आहे. ज्याच्याकडे एकही काळा नाही त्याच्या हातात ती मुंबईला जाण्याचे किंवा मुंबईहून हव्या त्या शहरी उडण्याचे एक तिकीट आहे. आणि ते तिकीट पहिल्याला द्यायचे म्हटले तरी साधारणतः दोघांनी एकाच वेळी मुंबईत असावे लागते, म्हणजे पत्त्याची किंमत त्या दोघांच्या सोंगट्यांमधल्या अंतरावरही अवलंबून आहे. पत्ता तोच, छपाई तीच. मग गुण कोणत्या मुंबईला द्यायचे?

पत्त्याची किंमत परिस्थितीवर ठरते ही कल्पना आम्हा सिंधुदुर्गकरांना परकी वाटू नये. सावंतवाडीला आजही हाताने रंगवली जाणारी दशावतारी गंजिफा पाहावी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा गोल पाने, एकूण १२०. त्यांतील निम्म्या रंगांत प्रधानानंतर दश्शीचा मान असतो आणि निम्म्यांत एक्क्याचा. आणि दिवसा खेळायला बसले तर उतारीचा मान रामाकडे, रात्री बसले तर कृष्णाकडे. गंजिफा हा सहकारी खेळ नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण सूर्य मावळल्यावर पत्त्याचा मान बदलतो हे ज्या मुलखात पिढ्यानपिढ्या मान्य होते, तेथे दहापैकी नऊ असा शिक्का मारून मोकळे होणे जरा घाईचे वाटते.

भिडू कोण, हाही प्रश्न आहेच. २०१९ मध्ये डीपमाइंड आणि गूगलच्या संशोधकांनी हानाबी हे कृत्रिम बुद्धिमत्तेपुढचे नवे आव्हान म्हणून मांडले. एकमेकांबरोबर सराव केलेले संगणक उत्तम गुण मिळवत. तेच अनोळखी भिडूबरोबर बसवले की त्यांची गाडी रुळावरून घसरे, कारण “निळा” या सूचनेचा एकाने घेतलेला अर्थ दुसऱ्याच्या गावीही नसे. आमच्याकडे नातीने दिलेली “निळा” ही सूचना दीर ‘जपून ठेव’ अशी समजतात आणि सून ‘आत्ता लाव’ अशी. शिवाय सूचना त्या हातातील सगळ्या निळ्या पत्त्यांना लागू होते, त्यामुळे शेजारी दुसरा निळा पत्ता असला तर तीच दुर्री समजावून सांगणे दुप्पट महाग पडते.

यावर कोणी म्हणेल की मग मूल्यमापन करूच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. मी एवढेच सुचवते की, पत्ता हातातून काढून बाजूला ठेवावा आणि विचारावे: आत्ता, या घडीला, हा नसता तर सगळ्यांचे मिळून काय गेले असते, आणि त्याची जागा घेणारा दुसरा शिल्लक आहे काय? आमच्याकडे किनाऱ्यावर रापण लागते तेव्हा दोराच्या दोन्ही टोकांना माणसे असतात, कोणी पाण्यात उतरून जाळे तळाला टेकले आहे की नाही ते पाहत असतो, आणि एकट्याच्या हाताला किती बांगडे आले हे कोणी मोजत बसत नाही; पण जाळ्याशी असलेला तो माणूस नसला तर सगळ्यांच्या ओढण्यावर पाणी पडते, हे प्रत्येकाला माहीत असते. सदरलेखकांनी एका आकड्याऐवजी पत्त्याच्या प्रती किती, तो गेल्यास कमाल किती उतरते आणि तो केव्हा निरुपयोगी होतो, असे तीन रकाने छापले असते तर नातीने ते नाणे दिरांवर खर्च केले असते, असे मला खात्रीने वाटते. त्या डावात आम्ही १७ वर आटोपलो.

जाता जाता एक दुरुस्ती. त्या तक्त्यात प्रत्येक रंगातील चारचे पत्ते तीन असे छापले आहे. ते दोन असतात. छापील तीनवर विसंबून आमच्या दिरांनी दुसऱ्या दिवशी पिवळ्या रंगातले दोन्ही चार टाकले, आणि ती चूक आपल्या वर्तमानपत्राची असल्याचे ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आहेत. पुढील रविवारी ती सुधारून छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जामसंडे, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग