वेशीवरच्या दगडांची नोंद करायची आहे: इतिहास अभ्यास मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाने मराठवाड्यातील गावोगावच्या मूर्ती, वीरगळ (म्हणजे मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड) आणि शिलालेख यांची नोंद करण्याचे काम हाती घेतले आहे. या नोंदींच्या आधारे संशोधनपर लेखांचा एक खंडही काढायचा आहे. सातवाहनांपासून निजामी अमदानीपर्यंतची कला, शिल्प आणि लोकजीवन एवढा त्याचा आवाका असेल. दोन्ही कामांना पैसे लागणार आहेत. त्याहून जास्त माणसे लागणार आहेत.

वेरूळ-अजिंठ्यावर लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. आबाळ झाली ती गावातल्या दगडांची. पारावर टेकवून ठेवलेली विष्णूची भंगलेली मूर्ती, आडाच्या काठाला बसवलेला कोरीव खांब, वेशीबाहेर ओळीने उभे असलेले वीरगळ यांची बहुतेक ठिकाणी साधी यादीसुद्धा नाही. हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ साली सुरू झाले आणि गुलाम याझदानी यांच्या कारकिर्दीत मोठ्या स्मारकांचे काम चांगले झाले. पण प्रत्येक गावच्या पारापर्यंत पोचणे कोणत्याही खात्याला झेपणारे नाही. ते काम गावच्या आणि तालुक्याच्या माणसांनीच करायचे असते.

ते होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इथे सातवाहनकालीन वस्ती आहे. विटांचे त्रिविक्रम मंदिर आहे, जे मुळात बौद्ध चैत्य असावे असे बरेच अभ्यासक मानतात. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आहे आणि संत गोरोबाकाकांचे स्थानही इथलेच. एकाच गावात इतके थर. इथल्या मातीतून निघालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी ताडून पाहिली जाते, कारण रोमन जगाशी या गावाचा व्यापार चालत होता. आणि या सगळ्या वस्तू मुळात जपल्या कोणी? रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच गृहस्थांनी. आज तिथल्या शासकीय संग्रहालयाला त्यांचे नाव आहे.

अर्थात लामतुऱ्यांच्या काळी वस्तू गोळा करणे हाच जपण्याचा मार्ग होता. आम्ही वस्तू गोळा करणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. दगड जिथे आहे तिथेच राहू द्यायचा आणि त्याची नोंद मात्र पक्की करायची. जागा हरवलेल्या मूर्तीचा अभ्यास निम्माच होतो. ती कोणत्या दिशेला तोंड करून होती, शेजारी काय होते, गावकरी तिला काय म्हणतात, हे सारे तिच्याबरोबरच तुटते.

वीरगळाचेच पाहा. बहुतेक वीरगळांत खालून वर वाचायचे तीन किंवा चार कप्पे असतात. तळाशी लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य. तळाच्या कप्प्यात गाई कोरल्या असतील तर तो माणूस गोधन राखताना मेला असे समजायचे. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर थेट जहाजांची लढाई आहे. राजांचे ताम्रपट राजांबद्दल बोलतात. गावच्या साध्या माणसाच्या मरणाची दखल घेणारा पुरावा म्हणजे हा दगड, आणि आपण त्यावर कपडे धुतो किंवा त्याची पायरी करतो. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा.

शेंदराबद्दल अनेकजण विचारतात. आमचे मत जरा वेगळे आहे. शेंदराच्या थराखाली कोरीव काम दिसत नाही हे खरे, पण शेंदूर लागला म्हणून तो दगड देव झाला आणि देव झाला म्हणून वाचला, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. गावाची श्रद्धा बाजूला सारून कोणताही थर खरवडायला आम्ही सांगणार नाही. खरा घात होतो तो ऑइलपेंटने, वाळूच्या फवाऱ्याने केलेल्या सफाईने आणि जीर्णोद्धारात भिंतीला ठोकलेल्या फरश्यांनी. शिलालेख वाचण्यासाठी त्यावर खडू, पीठ किंवा तेल चोळण्याची सवयही वाईट. रात्री बॅटरीचा झोत बाजूने तिरका टाकला की अक्षरे आपसूक उठून दिसतात, दगडाला हातसुद्धा लावावा लागत नाही.

आता खर्चाचे. प्रवास, ठसे घेण्याचा कागद आणि शाई, मोजपट्ट्या, दिवे, छायाचित्रे साठवण्यासाठी हार्ड डिस्क आणि शेवटी खंडाची छपाई ही मुख्य कलमे. महत्त्वाच्या शिल्पांची त्रिमितीय नोंद करायची आहे. त्यासाठी चहूबाजूंनी, एकमेकांवर निम्म्याहून जास्त चढणारे असे भरपूर फोटो काढून संगणकावर जुळवावे लागतात, आणि ते मंडळातल्या जुन्या संगणकाला पेलत नाही. कोणाकडे वापरात नसलेला पण दमदार संगणक असेल तर तो देणगी म्हणून आनंदाने घेऊ. किमान रक्कम ठेवलेली नाही. देणगी शक्यतो चेकने किंवा बँकेमार्फत मंडळाच्या नावेच द्यावी, पावती घ्यावी. करसवलतीसाठी अर्ज केला आहे, पण प्रमाणपत्र अजून हाती नाही, त्यामुळे सवलत गृहीत धरून कोणी देणगी देऊ नये. जमाखर्च खंडाच्या शेवटच्या पानांवर छापला जाईल.

पैशांखेरीज एक माणूस तातडीने हवा आहे: हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड, वाचता येणारा. कल्याणीच्या चालुक्यांचे या भागातले कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत आणि आमच्यापैकी बहुतेकांची गाडी देवनागरीपाशीच थांबते. सीमेपलीकडच्या बिदर, कलबुर्गी भागातले प्राध्यापक किंवा निवृत्त शिक्षक मदतीला तयार असतील तर त्यांच्या प्रवासाची आणि राहण्याची व्यवस्था मंडळ करील. मोडी वाचणारेही हवेत, पण ते तुलनेने मिळतात.

घरातले जुने फोटो चाळून पाहा, ही आणखी एक विनंती. लग्नाची वरात देवळापुढे थांबलेली, जत्रेतले दुकान, शाळेची सहल, अशा फोटोंत मागे रंग लागण्यापूर्वीचे मंदिर किंवा आता जागेवर नसलेली मूर्ती उभी असते. मूळ फोटो आम्हाला नको. मोबाइलवर सावली न पडू देता काढलेली प्रत पुरे. सोबत गाव, अंदाजे साल आणि फोटो कोणाच्या घरचा ते लिहावे. गावाचे नाव नसलेला सुंदर फोटो आमच्या कामाचा नाही, गाव लिहिलेला अंधुक फोटो चालेल.

नांगरताना किंवा पाया खणताना मूर्ती निघाली तर ती धुऊ नये, हलवू नये. आहे त्या स्थितीत फोटो काढून तहसील कार्यालयाला कळवावे, मग आम्हाला. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीचा व्यवहार १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे विकत घेतो म्हणणाऱ्या पाहुण्यापासून चार हात दूरच राहिलेले बरे. अशा जागांचा नेमका ठावठिकाणा आमच्या खंडातही छापला जाणार नाही. तो फक्त पुरातत्त्व खात्याला दिला जाईल.

ज्या गावांत यंदा मंदिराचा जीर्णोद्धार ठरला आहे, त्या गावांना पहिला क्रम देत आहोत. जीर्णोद्धाराला आमचा विरोध नाही. काम सुरू होण्यापूर्वी एक दिवस आवारातले दगड आम्हाला पाहू द्यावेत, एवढेच देवस्थान समित्यांना सांगणे आहे. गवंडी उद्या येणार असे आज संध्याकाळी कळले तरी कळवा, रात्रीतून निघून येऊ. तिरका उजेड रात्रीच चांगला पडतो.

आपले,
इतिहास अभ्यास मंडळाचे कार्यकर्ते