धाकट्याच्या जनरेटरबद्दल

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

काल फोनवर आई म्हणाली, धाकटा एलईडीसाठी, म्हणजे रात्री बोटीवर दिवे लावून मासे ओढायला, जनरेटर घ्यायचं म्हणतोय आणि बाबांनी 'घेऊ दे' म्हणून सांगितलं. तो शेजारीच बसला होता, म्हणून तेव्हा गप्प राहिले. आता लिहितेय.

बाबा, तुम्ही हो का म्हणालात ते मला कळतं. गेल्या दिवाळीत आले तेव्हा रापण, किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं आपलं मोठं जाळं, बघितली ना. दोन्ही दोरांना मिळून पंधरा माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. दोन तास ओढून जाळ्यात काय, तर टोपलीभर पेडवे आणि बाकी जेलीफिश. पूर्वी त्याच रापणीतून दोराला हात न लावलेल्या म्हाताऱ्यांच्या घरीही वाटा जायचा. धाकट्याने हे बघूनच ठरवलं असणार, दिवेवाले नेतात तर आपण का मागे राहायचं.

पण मी इथे रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ राहते. पर्ससीनच्या बोटी रोज बघते. थव्याला वेढा घालायचा, खालचा दोर आवळायचा, की अख्खा थवाच पिशवीत. 2016 पासून त्यांना फक्त सप्टेंबर ते डिसेंबर मुभा आहे, ती किती पाळली जाते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. दिव्यांचं तर त्याहून वाईट. उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे पिल्लं, त्यांच्यामागे बांगडा, म्हाकूल. सगळं एकाच जाळ्यात. अंडी न घातलेला बांगडा आज उचलला, तर पुढच्या वर्षी धाकटा कशावर दिवा धरणार?

आणि दिवेवाले तरी सुखात आहेत का? आमच्या गल्लीतला एक बोटमालक गेल्या मोसमात पकडला गेला. केंद्राने 2017 मध्येच एलईडी मासेमारी बंद केलीय, आणि राज्याच्या 2021 च्या सुधारित कायद्यात पहिल्याच वेळी 5 लाखांचा दंड आहे. घरातलं सोनं गहाण पडलं, नेपाळी खलाशी पगारासाठी दारात बसले. त्याची बायको मला सांगत होती, डिझेलच भागत नव्हतं म्हणून दिवे लावले.

1987 ला मालवणात सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा तुम्ही विरोधात होतात. मला आजही तुमचंच पटतं. विचारल्याशिवाय आखलेली हद्द कोण मानेल? पण नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात लोटायची नाही, हे तुम्हाला कुठल्या साहेबाने शिकवलं नव्हतं. सरकारची बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. आपली पौर्णिमा बहुतेक वर्षी त्याच्याही नंतर येते, म्हणजे तुमची बंदी मोठी होती. पावसाळ्यात मासे वितात, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून धाकट्याला तुम्हीच सांगा. आईला सांगायला लावू नका, तिचं तो हसण्यावारी नेतो. जनरेटरचं कर्ज नको. मोठ्या आसाचं, म्हणजे पिल्लं निसटतील अशा मोठ्या छिद्रांचं, नवं जाळं घेऊ दे, यांच्याशी बोललेय, चाळीस हजार आम्ही देतो. परत केले नाहीत तरी चालेल, फक्त हे त्याला सांगू नका.

गणपतीला चार दिवस आधी येते. आई, गोलमो, तो सुकवलेला बारीक जवळा, संपला. असेल तर बाजूला काढून ठेव, नसेल तर बाजारातून आणू नकोस, त्यात रेती असते.

तुमची,
बाय