गुडघे टेकून पाहावीत अशी रानफुले

महोदय,
मृगाच्या सरींनंतर सह्याद्रीच्या रानात जाणाऱ्यांची नजर धबधब्यांकडे असते. वाटेलगत जमिनीसरशी उमललेली काळी मुसळी मात्र अनेकदा बुटांखाली चिरडली जाते. गुडघे टेकून भिंगातून पाहिल्यास तिच्या सहा पिवळ्या पाकळ्यांच्या पाठीवरची मऊ लव दिसते, आणि या फुलाचा बीजकोश मातीखाली दडलेला असतो हे कळल्यावर तर पाऊल टाकतानाही संकोच वाटतो. याच रानातल्या कंदीलपुष्प या नळीसारख्या रानफुलात शिरलेली चिलटे आतील केसांमुळे अडकतात व केस सुकल्यावरच परागपुंज (परागकणांचे गठ्ठे) घेऊन सुटतात. छायाचित्रासाठी फूल खुडणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की, फूल जागीच राहू द्यावे आणि आपण वाकावे.

आपला,
एक वाचक, पुणे