शौर्याचा कागद आईला वाचता यावा

माननीय माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या एका वीरमातेच्या घरी गेलो होतो. भिंतीवर लेकाचा गणवेशातला फोटो, शेजारी चौकटीत पदक आणि त्याच्या शौर्याची हकिगत सांगणारा इंग्रजी कागद. आजींनी पदरानं काच पुसली. म्हणाल्या, "येणारा वाचतो अन् गप बसतो. काय लिवलंय ते पुरतं कुणी सांगत न्हाई." दहावीतला नातू वाचायला लागला, पण 'कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री' म्हणजे ठळक शौर्य, या शब्दांपाशीच अडखळला. मग मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. मध्येच आजींनी माझा हात धरला. "म्हंजे गोळी लागल्यावर बी त्यो फुडं गेला?"

इतकी वर्षं त्यांना एवढंच ठाऊक होतं, की गोळी लागली आणि पोरगा गेला.

साहेब, मरणोत्तर सन्मानात पदक घ्यायला स्वतः जवान नसतो. त्यानं शेवटच्या घटकेला काय केलं, ते सांगणारा तो कागदच घरच्यांच्या हाती उरतो. तो त्यांच्या भाषेत नसेल, तर आपण त्यांना धातूचा तुकडा दिला आणि माणूस दिलाच नाही, असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धातले, माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे आठवा; नाईक हा त्यांचा फौजेतला हुद्दा. ३/५ मराठा लाइट इन्फंट्री या पायदळाच्या पलटणीचा हा २२ वर्षांचा जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होता. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले, ते एकटे उरले. ते थेट शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून मशिनगन बंद पाडली, मग टॉमीगन या हातातल्या स्वयंचलित बंदुकीनं एकाला टिपलं. गोळ्यांचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी संपवलं. ठाणं हाती आलं, पण शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांनी तिथेच प्राण सोडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. तिकडे इटलीत माँटोने गावानं २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. रिकाम्या बंदुकीची ही हकिगत मी प्रथम इंग्रजीत वाचली, याची मला खंत आहे.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमानं मराठी ही राज्याची भाषा झाली. अनुवादासाठी शासनाचं भाषा संचालनालय आहे, पुण्यात सैनिक कल्याण विभाग आहे, जिल्ह्याजिल्ह्यात त्याची कार्यालयं आहेत. नवं काही उभारायला नको. महाराष्ट्रातल्या मरणोत्तर शौर्य पुरस्कारप्राप्त जवानांच्या हकिगती या दोघांनी मिळून मराठीत आणाव्यात. अनुवाद फौजेत राहिलेल्या माणसाच्या नजरेखालून जावा, नाहीतर सेक्शन, प्लाटून, कंपनी या लहानमोठ्या वेगवेगळ्या पथकांची सगळ्यांचीच 'तुकडी' होऊन बसेल. आणि तो कागद टपालानं धाडू नका. अधिकाऱ्यानं घरी जाऊन तो मोठ्यानं वाचावा, घरचे विचारतील तितक्या वेळा. सुरुवात वयानं थकलेल्या वीरमाता-वीरपित्यांपासून करा. त्यांच्यापाशी वेळ थोडा आहे.

त्या दिवशी आजींनी सगळं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. निघताना मी ते नातवाच्या वहीच्या पानावर मराठीत उतरवून दिलं. पान त्यांनी घडी घालून चौकटीच्या मागे खोचलं आहे. तिथे शासनाच्या शिक्क्याचा कागद यावा, एवढीच विनंती.

आपला नम्र,
एक नागरिक