वरून पाणी येतंय, पण कुठून? सहकारमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात एका चार मजली सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहते. इमारत 1991 ची, सोळा फ्लॅटची. घरातच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत परकर-पोलकी. माझ्या बाथरूमबाहेरच्या छताला 2023 च्या गणपतीत पहिल्यांदा ओल दिसली, आणि ठिबकणं थांबलं ते 2024 च्या दिवाळीनंतर. मधल्या चौदा महिन्यांत मी जे पाहिलं, आणि जी चूक माझ्याकडून झाली, ती आपल्यासमोर मांडते आहे. आपल्या खात्याने मनावर घेतलं तर ती चूक पुढे कुणाकडून होणार नाही, असं मला वाटतं.

सुरुवातीला तळहाताएवढा डाग होता. मग रंगाचे पोपडे सुटले, प्लास्टर फुगलं, आणि ऑक्टोबरात थेंब पडायला लागले. सकाळी सहाला खाली ठेवलेली दहा लिटरची बादली अकराच्या सुमारास भरायची. दुपारी धार मंदावायची, रात्री जवळजवळ थांबायची. पाण्याला साबणाचा वास होता. हे सगळं मी रोज बघत होते, वहीत वेळासुद्धा लिहून ठेवत होते, पण त्याचा अर्थ मला कळत नव्हता. एकदा छतातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी उतरलं आणि घरातली वीज गेली. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारं यंत्र, बसवलेलं होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. जानेवारीत एका ताईंची पैठणी फॉलसाठी आली होती, ती कपाटाच्या वरच्या फळीवर होती. तिच्यावर डाग पडला. मी 9,000 रुपये भरून दिले. त्या ताई पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत.

वर दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षक दांपत्य राहतं. त्यांची मुलगी शाळेतून आली की आईबाबा येईपर्यंत माझ्याकडेच असायची, मशीनपाशी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. मला मावशी म्हणते. पाणी सुरू झालं तेव्हा मी वर जाऊन सांगितलं, त्यांनी लगेच प्लंबर बोलावला. त्याने नहाणी ट्रॅपभोवती, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीभोवती, पांढरं सिमेंट भरलं, फरशीच्या सांध्यांत ग्राउट भरलं. आठवडाभर पाणी कमी वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरा प्लंबर म्हणाला कमोडचा सांधा गेलाय. तिसऱ्याने वर पाऊलही न ठेवता, फोनवरच, सगळं बाथरूम फोडायला सांगितलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मी लेखी तक्रार दिली. ते म्हणाले, दोन सभासदांमधला विषय आहे, आपसात मिटवा. मी संबंधित सहकार कार्यालयात गेले. तिथे सांगण्यात आलं की गळतीचा वाद सहकार न्यायालयाचा आहे. वकिलांनी फीचा आकडा सांगितला आणि दोन-तीन वर्षं धरून चाला म्हणाले. दोन-तीन वर्षं त्या थेंबांखाली मशीन कशी चालवायची, याचं उत्तर कुणाजवळच नव्हतं.

मग मी वर्षसभेत उभी राहिले आणि सगळ्यांसमोर त्या शिक्षकांना म्हणाले, "पाणी तुमचंच आहे, तुम्ही जाणूनबुजून दुर्लक्ष करताय." त्या दिवसानंतर त्यांची मुलगी खाली आली नाही.

त्यांनी शेवटी बँकेतली ठेव मोडली आणि बाथरूम फोडलं. आपल्याला ठाऊक असेल, जुन्या इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो. त्यात पाइप टाकतात, विटांचे तुकडे भरतात, वर कोबा करतात आणि त्यावर फरशी बसवतात. हे सगळं उकरून, नवं वॉटरप्रूफिंग, नवा कोबा, नवी फरशी. वीस दिवस त्या घराने शेजाऱ्यांकडे आंघोळी केल्या. खर्च 1,10,000 रुपये.

पाणी थांबलं नाही.

मे महिन्यात ते दहा दिवस गावी गेले होते, बाथरूम बंद. तरी माझ्याकडे बादली भरतच होती. खरं तर तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण कुणीतरी सांगितलं की कोब्यातल्या विटांमध्ये मुरलेलं पाणी कित्येक दिवस उतरत राहतं. ही गोष्ट खरी आहे, म्हणूनच मला ती पटली. रागात असलेल्या माणसाला आपल्या रागाला पूरक तेवढंच ऐकू येतं, हे मी माझ्या अनुभवावरून लिहिते आहे.

ऑक्टोबरात माझ्या एका गिऱ्हाइकाचे सासरे घरी आले. आयुष्यभर नळकाम केलेले, आता काम सोडलेले. त्यांनी छताकडे नंतर पाहिलं, आधी माझी वही मागितली. वेळा वाचल्या आणि म्हणाले, "नळाच्या पाइपात दाब असतो, तो फुटला तर रात्रंदिवस सारखं गळतं. हे लोकांच्या आंघोळीबरोबर वाढतंय आणि लोक झोपले की थांबतंय. म्हणजे हे वापरून सोडलेलं पाणी आहे. आता कुणाचं, ते बघू."

त्यांनी नीळ मागितली, कपड्यांना घालतो ती. वरच्या बाथरूमच्या ट्रॅपला फडक्याचा बोळा घट्ट बसवला, फरशीवर चार बोटं निळं पाणी साठवलं आणि चोवीस तास तसंच ठेवलं. माझ्या छतातून पाणी येत राहिलं, पण नेहमीसारखं गढूळ. निळा थेंब एकही नाही. दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या मजल्यावर गेले आणि तिथल्या नहाणीत निळीच्या दोन बादल्या ओतल्या. तीन तासांनी माझ्या छताला निळा डाग आला.

मी खाली उभी होते आणि वरच्या ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. मलाही काही बोलता आलं नाही.

मागच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत, परांची बांधून पाहिलं तेव्हा कारण सापडलं. सांडपाण्याचा उभा पाइप बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, इमारतीएवढाच जुना. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या पातळीवर त्याच्या सांध्यात पिंपळाचं मूळ शिरलं होतं. सांधा फाकला होता. वरच्या दोन मजल्यांचं पाणी तिथून बाहेर येऊन पाइपाच्या कडेने भिंतीत आणि तिथून कोब्याखाली उतरत होतं. मूळ काढून, बिडाचा तुकडा कापून पीव्हीसीचा बसवला. परांचीसकट 7,400 रुपये लागले. दोन आठवड्यांत छत कोरडं झालं.

महोदय, हा पाइप सोसायटीचा होता. आपल्या खात्याच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, हे स्वच्छ लिहिलेलं आहे. सामाईक पाइप, ड्रेनेज लाइन, बाहेरच्या भिंती, गच्ची यांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने काढायची. संडास, न्हाणीघर, सिंक यांची आतली गळती ज्याच्या त्याच्या फ्लॅटधारकाने. पैसे कोणी द्यायचे याबद्दल कायद्यात गोंधळ नाही. पण पाणी नेमकं कुठून येतं हे ठरवायचं कोणी, यावर उपविधी गप्प आहेत. सेक्रेटरींना पूर्वसूचना देऊन फ्लॅट पाहण्याचा अधिकार आहे. पण आमचे सेक्रेटरी औषधाच्या दुकानात काम करतात. ते वर जाऊन ओली भिंत बघतील, पुढे काय? खालचा वरच्याकडे बोट दाखवतो, वरचा सोसायटीकडे, सोसायटी दोघांकडे. आणि निदान झालेलं नसताना उपविधी हा वाद सरळ सहकार न्यायालयाकडे पाठवतात. तिथेही शेवटी कुणीतरी जाणकार येऊन पाहणीच करणार. ती पाहणी पहिल्या महिन्यात का होऊ नये?

टेमघर धरणाच्या भिंतीतून 2016 साली पाणी झिरपताना दिसलं तेव्हा शासनाने दुरुस्ती हाती घेतली, ग्राउटिंग केलं. पुणेकरांच्या पाण्याचा प्रश्न होता, ते योग्यच झालं. माझ्या छतातलं पाणी त्याच खोऱ्यातून आलेलं होतं. राज्यात लाखाच्या वर गृहनिर्माण संस्था आहेत. पन्नास पावलांवरचं पाणी कुठून येतं हे शोधायला त्यांतल्या सामान्य सभासदाला एक जाणता माणूस सरकारी व्यवस्थेतून मिळावा, एवढंच माझं मागणं आहे.

ते प्रत्यक्षात कसं आणता येईल, यावर मी बराच विचार केला. आयटीआयमध्ये प्लंबर हा अभ्यासक्रम आहे, तिथे शिकवणारे निदेशक आहेत. शासकीय तंत्रनिकेतनांत स्थापत्य विभाग आहेत. महापालिकांकडे परवानाधारक प्लंबरांच्या याद्या आहेत. सहकार खात्याच्या प्रत्येक उपनिबंधक कार्यालयाने यांतून तपासनिसांचं एक पॅनेल ठेवावं. गळतीची लेखी तक्रार आली की 15 दिवसांत त्यांच्यापैकी कुणीतरी येऊन चाचणी करावी आणि लेखी अहवाल द्यावा: पाणी कुठून, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने. त्यांची फी आधी सोसायटीने भरावी, नंतर ज्याची जबाबदारी ठरेल त्याच्याकडून वसूल करावी. कुणाला अहवाल मान्य नसेल तर न्यायालय आहेच.

आणि चाचणीची पद्धत ठरवून द्यावी, कारण सगळं नुकसान तिथेच होतं. आधी घरातले सगळे नळ बंद करून मीटर तरीही फिरतोय का ते पाहावं. मग ट्रॅप बुजवून रंगीत पाणी साठवावं. मग एकेक मजला वर जात उभ्या पाइपात रंगीत पाणी सोडावं. पाच रुपयांच्या निळीने जे कळतं ते कळण्याआधी कुणालाही छिन्नी-हातोडा उचलू देऊ नये. बाथरूम फोडून द्या असा ठराव चाचणीच्या अहवालाशिवाय करता येणार नाही, हे उपविधींत घालावं.

बंद घरांचाही विचार व्हावा. माझ्या बहिणीच्या डोंबिवलीच्या सोसायटीत वरचा मालक परदेशी आणि फ्लॅटला कुलूप. गीझरचा पाइप गळत होता आणि चार महिने दार कुणी उघडू शकलं नाही. घर बंद ठेवणाऱ्याने निदान शहरातल्या एका माणसाचं नाव आणि किल्ली कुठे आहे हे सोसायटीला कळवणं सक्तीचं असावं. भांडण वैयक्तिक राहत नाही, स्लॅब दोघांचा असतो. पाणी मुरत राहिलं की आतली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि काँक्रीट आतून फोडते. चौदा महिन्यांत माझ्या छताची एक सळई उघडी पडली आहे.

दुरुस्ती निधीबद्दलही थोडं लिहिते. उपविधींप्रमाणे तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आहे. आमच्या इमारतीत फ्लॅटचा 1991 चा बांधकाम खर्च दीड लाख धरला तर वर्षाला 1,125 रुपये होतात. सर्वसाधारण सभा जास्त ठरवू शकते, पण कुठलीच सभा आपणहून वाढवत नाही. तेहतीस वर्षांपूर्वीच्या खर्चावर आजची दुरुस्ती कशी होणार? नव्या इमारतींना रेरा कायद्याने, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याने, ताब्यापासून 5 वर्षं विकासकाच्या जबाबदारीचं संरक्षण आहे. बिडाचे पाइप असलेल्या आमच्यासारख्या इमारतींना फक्त हा निधी आहे.

आमच्या इमारतीचा पाइपांचा नकाशा कुणाकडेच सापडला नाही. त्या आजोबांनी दोन दिवस फिरून तो माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढून दिला. आता त्याच्या झेरॉक्स सगळ्या फ्लॅटमध्ये आहेत. असा नकाशा प्रत्येक सोसायटीच्या दप्तरात असावा आणि दर स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या, वेळी तपासला जावा, अशीही विनंती आहे.

मी वर जाऊन त्या दोघांची माफी मागितली. मुलगी पुन्हा येते, आता ती मशीनवर सरळ शिलाई मारायला शिकते आहे. पण त्यांचे 1,10,000 रुपये गेले ते गेलेच. बाथरूम त्यांचं, फोडायचा निर्णय त्यांचा, असं समितीचं म्हणणं आहे. तो निर्णय आमच्या सगळ्यांच्या दडपणाखाली झाला होता आणि त्या दडपणात माझा वाटा सर्वांत मोठा होता. येत्या वर्षसभेत हा विषय मी मांडणार आहे आणि या वेळी त्यांच्या बाजूने उभी राहणार आहे. वही, तक्रारींच्या प्रती, बिलं सगळं माझ्याजवळ आहे. आपल्या खात्यातल्या कुणालाही पाहायचं असेल तर मी घेऊन येईन.

आपली विश्वासू,
पहिल्या मजल्यावरची एक सभासद,
पुणे