मुंबईच्या दमट हवेत सांधे सांभाळताना

चि. सईस,

अनेक आशीर्वाद.

नाशिकचा उन्हाळा तुझ्या सवयीचा आहे. पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. घाम आला की लगेच वाळतो आणि अंग गार पडतं. मुंबईत मे महिन्यातही पारा ३३-३४च्या वर फारसा जात नाही, तरी जीव हैराण होतो. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली, तर सावलीतही अंगाला ते ४२-४३ अंशांसारखं लागतं. घाम वाळत नाही म्हणून शरीर आणखी घाम काढतं, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाचे ठोके वाढतात. पाणी आणि मीठ निघून जातं, उष्णता मात्र आतच राहते. तुझ्या ज्युवेनाइल आर्थ्रायटिसमध्ये (लहान वयात होणाऱ्या सांध्यांच्या दाहात) दाहामुळे मुळातच लवकर थकवा येतो, त्यात ही भर पडते. जून सुरू होताच तू तिकडे जाणार, तेव्हा पहिले काही आठवडे दुपारी गळून गेल्यासारखं वाटलं तर घाबरू नकोस.

हवेमुळे आजार वाढतो का, हे तू पुष्कळदा विचारतेस. तुझी प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटली आहे. ते काम हवा करत नाही. आभाळ भरून आलं की सांधे ठणकतात असं पुष्कळ मुलं सांगतात, आणि त्यांचं दुखणं खरंच असतं. मात्र हवा आणि सांधेदुखी यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून दुखलं की ‘इथली हवाच मानवत नाही’ असं म्हणून ते अंगावर काढू नकोस. त्या एका वाक्याखाली खरी सूज आठवडेच्या आठवडे झाकली जाते, आणि तेवढ्या वेळात सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, झिजते.

उकाड्याची सूज आणि आजाराची सूज ओळखायला शीक. उकाड्यात रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी खाली उतरतं. संध्याकाळी दोन्ही पावलं सारखीच जड होतात, चपलेचा पट्टा रुततो, बोटं फुगून अंगठी घट्ट बसते. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धर. खड्डा पडला आणि तो हळूहळू भरला, तर ते साचलेलं पाणी आहे. रात्री पायाखाली दोन उश्या घेऊन झोपलीस की सकाळपर्यंत बरंच उतरतं. आजाराच्या सुजेचं वेळापत्रक उलटं असतं. ती सकाळी जास्त असते, नेमकी सांध्यावर असते, बऱ्याचदा एका बाजूला जास्त असते. हाताची पाठ लावून बघ: गुडघा नेहमी मांडीपेक्षा थोडा गार लागायला हवा. मांडीइतकाच किंवा जास्त गरम लागला, तर आत दाह आहे. मग वाकवून बघ. टाच कुल्ह्याला टेकत नसेल, नमस्काराच्या मुद्रेत दोन्ही तळवे आणि मनगटं नीट जुळत नसतील, किंवा उठल्यावर आखडलेपण अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल, तर डॉक्टरांना कळव. दोन दिवस लागोपाठ असं झालं तरी पुरे. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही.

सकाळच्या आंघोळीचा प्रश्न दमट हवेत खरा अवघड होतो. अंग गार पाणी मागतं आणि सांधे गरम. दोन्ही दे. एका बादलीत ३८ ते ४० अंशांचं पाणी घे. कोपर बुडवल्यावर सुखाचं गरम वाटायला हवं, चटका बसता कामा नये. स्टुलावर बसून पावलं आणि घोटे त्यात दहा मिनिटं ठेव, हात दुसऱ्या टबात. पाण्यातच मुठी उघड-मीट, मनगटं आणि घोटे गोल फिरव, दहा-दहा वेळा. मग बाकीचं अंग साध्या पाण्याने धू. घोटे मोकळे होतात आणि पूर्ण गरम पाण्याच्या आंघोळीनंतर येणारी घेरीही टळते.

एसी म्हणजे चैन असं तुला वाटतं, पण तो तुझ्या उपयोगाचा आहे. २६-२७ अंशांवर ठेवून पंखा हळू लाव. ड्राय मोड असेल तर जूनमध्ये तोच जास्त कामाचा, कारण त्रास ओलीचा आहे. १८वर लावलेल्या वर्गात किंवा वाचनालयात बसायची वेळ आली, तर झोताच्या खाली बसू नकोस आणि पातळ लांब बाह्यांचा कुर्ता जवळ ठेव. तिथे आखडायला होतं ते थंडीपेक्षा तासन्‌तास एका जागी बसल्यामुळे. दर ४० मिनिटांनी उठ, पाच पावलं चाल.

आता पाणी, आणि याबाबत आम्ही जरा हट्टाने सांगतोय. तुझं वजन ४२ किलो. पहिल्या २० किलोंना दीड लिटर आणि पुढच्या प्रत्येक किलोला २० मिली, या हिशेबाने तुला एरवीच दिवसाला १.९ लिटरच्या आसपास द्रव लागतं. मुंबईत ते अडीच ते तीन लिटर धर. तहान लागायची वाट बघू नकोस. तासाला एक पेला ठेव आणि लोकलमधून उतरलीस की आणखी एक. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली तर कमी पडतंय. ताक, कोकम सरबत, शहाळं चालेल, पण बाहेरचा बर्फ नको. साध्या घामासाठी रोजच्या जेवणातलं मीठ पुरतं. ओआरएस उलट्या-जुलाब झाले किंवा बरेच तास घाम गाळला तरच घे. पाकिटावर १ लिटर लिहिलंय की २०० मिली ते वाचून तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घाल. अंदाजाने पेल्यात अर्धं पाकीट टाकायचं नाही. कालवलेलं २४ तासांनी ओतून दे.

हट्टाचं कारण तुझ्या गोळ्या आहेत. शरीरात पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. नॅप्रोक्सेन दाह कमी करतं ते याच द्रव्यांना अडवून. म्हणजे कोरड्या पडलेल्या शरीरात नॅप्रोक्सेन गेलं की मूत्रपिंडाचा तो आधारही सुटतो. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जातं तेही मूत्रपिंडातूनच. तिथे खोळंबलं तर रक्तात साचतं, मग तोंडात फोड येतात आणि पांढऱ्या पेशी घसरतात. म्हणून उलट्या-जुलाब होत असतील त्या दिवशी नॅप्रोक्सेन घेऊ नकोस, आणि मेथोट्रेक्सेटचा वार आला असेल तर घेण्याआधी डॉक्टरांना विचार. एरवी नॅप्रोक्सेन २५० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा जेवल्यावर. मेसचं जेवण चुकलं तर आधी दूध-केळं तरी पोटात जाऊ दे.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री, १५ मिग्रॅ. ७.५च्या दोन गोळ्या. दुकानदाराने २.५, ५ किंवा १०ची पट्टी दिली तर तिथल्या तिथे परत कर. गोळ्यांची संख्या बदलली की चुकायला वेळ लागत नाही, आणि हे औषध चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. सोमवारी फॉलिक अॅसिड ५ मिग्रॅ. कुठल्याही दवाखान्यात अँटिबायोटिक लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांग. को-ट्रायमॉक्सॅझोल त्याच्यासोबत अजिबात चालत नाही, दोन्ही मिळून रक्त तयार करणारी अस्थिमज्जा दाबून टाकतात. मेथोट्रेक्सेटने कातडी उन्हाला हळवीही होते आणि पातळ ढगांतूनही अतिनील किरण येतातच, तेव्हा एसपीएफ ३०चं सनस्क्रीन लाव. घामाने ते धुपतं, दोन तासांनी परत लावावं लागेल.

अडॅलिम्युमॅबचं, म्हणजे प्रतिकारशक्तीचा दाह रोखणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन २ ते ८ अंशांतच राहायला हवं. मूळ औषधाच्या पत्रकात २५ अंशांपर्यंत १४ दिवस बाहेर चालतं असं असलं, तरी तुझ्या ब्रँडचं पत्रक वेगळं असू शकतं. शिवाय मुंबईतली खोली २५ अंशांवर राहतच नाही, त्यामुळे ती सवलत तुझ्यासाठी नाहीच असं समज. होस्टेलच्या फ्रिजमध्ये मधल्या फळीवर ठेव. दारात नको, कारण दार सारखं उघडतं. मागच्या भिंतीला चिकटून किंवा फ्रीझरखाली नको, तिथे गोठतं. गोठलेलं इंजेक्शन वितळल्यावर नेहमीसारखंच दिसतं, पण वापरायचं नाही. इंजेक्शनच्या डब्यात छोटा डिजिटल थर्मामीटर ठेवलाय, त्यात दिवसभरातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान दिसतं. वीज गेली तर दार उघडू नकोस, बंद फ्रिज साधारण चार तास धरतो. नाशिकहून नेताना जेलपॅक फ्रीझरमधून काढून थेट इंजेक्शनच्या पेनाला लावू नकोस. पॅकवरची बर्फाची पांढरी पूड जाऊन बाहेरून ओलसर होईपर्यंत थांब, मग नॅपकिनमध्ये गुंडाळून मध्ये पुठ्ठा घाल. टोचण्याआधी २० मिनिटं पेन बाहेर काढ. गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवून घाई नको. घामेजल्या कातडीवर स्पिरिट लावून उपयोग नाही. आधी पंख्याखाली बसून मांडी कोरडी कर, मग स्वॅब, आणि तोही वाळू दे, नाहीतर चुरचुरतं.

पावसाळ्यातल्या तापाबद्दल सगळ्यात नीट वाच. सिस्टेमिक प्रकारात (जो सांध्यांपुरता न राहता सगळ्या शरीरात पसरतो) ताप हे आजाराचंच लक्षण असतं. तुझा प्रकार तो नाही. तेव्हा तुला आलेला ताप संसर्गाचा धरायचा, आजाराचा किंवा उकाड्याचा नाही. १००.४ फॅरनहाइट दिसला की त्या क्षणापासून नॅप्रोक्सेन बंद. डेंगीत प्लेटलेट कमी होतात आणि नॅप्रोक्सेन, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन रक्तस्राव वाढवतात. फक्त पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारच्या वर नाही. डेंगी आणि चिकनगुनिया दोन्हींत सांधे इतके ठणकतात की फ्लेअरच (आजार उसळल्यासारखा) वाटावा. फरक असा की फ्लेअरमध्ये असा एकाएकी १०२-१०३ ताप येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डेंगीची एनएस१ रक्तचाचणी करून घे. एनएस१ पहिल्या पाच दिवसांतच भरवशाची असते. पुढचं मेथोट्रेक्सेट आणि अडॅलिम्युमॅब दोन्ही रुमॅटॉलॉजिस्टना (सांध्यांच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय घेऊ नकोस. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर १०८ला फोन करून थेट रुग्णालय गाठ. डेंगीत हाच टप्पा धोक्याचा असतो.

तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धू आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखव. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा संसर्ग, टाळायला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. ते स्वतःहून घेऊ नकोस, तुझी औषधं सांगून त्यांना ठरवू दे.

मनगटाच्या स्प्लिंटखाली (प्लॅस्टिकच्या आधारपट्टीखाली) घाम साचून कातडी पांढरी पडते, मग बुरशी धरते. आत सुती स्टॉकिनेट (मोज्यासारखी नळी) घाल, तीन जोड ठेव, ओला झाला की बदल. स्प्लिंट कोमट पाण्याने धू, गरम नको: ते प्लॅस्टिक ६०-७० अंशांना मऊ होतं, त्याच कारणाने उन्हातल्या बंद गाडीतही ठेवायचं नाही.

डोळ्यांची स्लिट लॅम्प (सूक्ष्मदर्शकाखालची) तपासणी दर तीन महिन्यांनी, डोळे छान वाटत असले तरी. या आजारात होणारा युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, न दुखता, लाल न होता येतो. पावसाळ्यात होस्टेलमध्ये डोळे येण्याची साथ आली तर मैत्रिणीचे थेंब वापरू नकोस. त्यांत स्टेरॉइड असेल तर दाह झाकला जातो आणि डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो.

व्यायाम सोडू नकोस, वेळ बदल. सकाळी सातच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर. पोहणं सर्वांत चांगलं, आठवड्यातून तीनदा अर्धा तास.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरची उष्णता येईल आणि पुन्हा हाच घाम. सीबीसी, लिव्हर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करून घे, म्हणजे अहवाल घेऊन दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांना भेटता येईल. सोबत एक कागद जोडलाय: आजाराचं नाव, औषधं आणि मात्रा, ‘ताप आल्यास नॅप्रोक्सेन देऊ नये’ ही सूचना, रुमॅटॉलॉजिस्टचा आणि आमचा नंबर. त्याची एक प्रत रेक्टरबाईंना दे, एक रूममेटला, आणि एक तुझ्या पाकिटात आयकार्डाच्या मागे ठेव.

आई आणि बाबा